मंगळावरचे ताजे फोटो, घरबसल्या आणि फुकट: नासाच्या रॉ इमेजेस पेजचा रिव्ह्यू

नासाचे दोन रोव्हर सध्या मंगळावर फिरतायत. एक क्युरिऑसिटी, जो ६ ऑगस्ट २०१२ ला गेल नावाच्या विवरात उतरला, आणि दुसरा पर्सिव्हिअरन्स, जो १८ फेब्रुवारी २०२१ ला जेझेरो विवरात उतरला. हे दोघं जे फोटो काढतात ते जवळपास सगळेच्या सगळे नासा थेट वेबसाईटवर टाकते, आणि ते बघायला ना लॉगिन लागतं ना पैसे, मध्ये जाहिरातीसुद्धा नाहीत. या पेजचं नाव रॉ इमेजेस. रोव्हरचं नाव आणि पुढे रॉ इमेजेस एवढं गूगलवर टाकलं की पहिल्याच लिंकमध्ये सापडतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, हे पेज बरीच वर्षं वापरतेय, मुलांना दाखवते, स्वतःसाठी तर जवळजवळ रोजच उघडते, म्हणून म्हटलं एकदा याच्यावर नीट बैजवार लिहावं, कारण मंगळाची बातमी आली की आपल्याकडे सगळे तेच चार गाजलेले फोटो फॉरवर्ड करत बसतात आणि तिकडे लाखो फोटो बघणाऱ्याची वाट बघत पडलेले असतात.

आधी हे सांगते की इथं नक्की मिळतं काय. पेपरात किंवा चॅनलवर जो मंगळाचा फोटो येतो तो निवडलेला, जोडलेला, रंग सारखे केलेला आणि खाली छान माहिती लिहिलेला असतो. तो वाईट नसतोच, पण तो तुमच्यापर्यंत यायच्या आधी कुणीतरी ठरवलेलं असतं की तुम्ही काय बघायचं. रॉ इमेजेसवर तसं काही नाही. रोव्हरनं मान वळवली, फोटो काढला, तो पृथ्वीवर आला की कॉम्प्युटर आपोआप पेजवर चढवतो. त्यात अर्धा फोटो रोव्हरच्याच पायाचा असेल, कधी नुसतं आभाळ असेल, कधी एकाच दगडाचे ओळीनं वीस फोटो असतील, कधी फोकस गेलेला असेल. पासाडीनाच्या जेपीएलमधली, म्हणजे रोव्हर चालवणाऱ्या नासाच्या प्रयोगशाळेतली, टीम सकाळी कामावर येऊन जे बघते साधारण तेच तुम्ही पण बघताय, त्याच दिवशी, कधी कधी तर काही तासांतच. माझ्या दृष्टीनं या सेवेची खरी किंमत इथं आहे.

फोटो येतो कसा हे एकदा समजून घेतलं की पेज वापरायला जास्त मजा येते. मंगळ आपल्या जवळ असतो तेव्हा रेडिओ सिग्नलला इथं पोचायला साधारण ३ मिनिटं लागतात आणि लांब असतो तेव्हा २२ मिनिटं. पण रोव्हर बहुतेक फोटो थेट पृथ्वीला पाठवतच नाही, कारण त्याचा अँटेना छोटा आणि वीज कमी. तो डोक्यावरून जाणाऱ्या ऑर्बिटरकडे फोटो देतो, म्हणजे २००६ पासून मंगळाभोवती फिरणारा नासाचा एमआरओ किंवा युरोपचा ट्रेस गॅस ऑर्बिटर, आणि मग ऑर्बिटर ते कॅलिफोर्नियातल्या गोल्डस्टोन, स्पेनमधल्या माद्रिद किंवा ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराच्या मोठ्या डिशकडे पाठवतो. ऑर्बिटर डोक्यावर असतो काही मिनिटंच, तेवढ्यात जे जाईल ते जाईल. म्हणून आधी इवलेसे थंबनेल येतात आणि मोठा फोटो नंतर येतो, कधी दुसऱ्या दिवशी, कधी आठवड्यानं. नवीन माणसाला वाटतं फोटोची क्वालिटीच खराब आहे. तसं नाही, थोडं थांबायचं, मोठा येतो. क्युरिऑसिटीच्या पेजवर हे थंबनेल खूप दिसतात, ते फिल्टरमधून काढून टाकता येतात, पहिलं काम ते करा.

फिल्टर हा या पेजचा सगळ्यात कामाचा भाग आहे. कॅमेरे खूप आहेत (पर्सिव्हिअरन्सच्या अंगावर एकूण १९), पण सुरुवातीला तीन चारच ओळखले तरी भागतं. हॅझकॅम म्हणजे पोटाखाली, पुढे आणि मागे लावलेले कॅमेरे, समोर दगड बिगड आहे का हे बघायला. त्यांचा फोटो वाइड असल्यामुळे क्षितिज वाकडं दिसतं आणि दोन्ही बाजूला चाकं दिसतात. मी सगळ्यात आधी हेच बघते, कारण कालच्या आणि आजच्या हॅझकॅममध्ये जमीन बदललेली दिसली तर गाडी हलली, नाही तर तिथंच उभी आहे. नॅव्हकॅम म्हणजे मानेवरचे रस्ता बघणारे कॅमेरे. आणि मास्टकॅम-झेड म्हणजे पर्सिव्हिअरन्सची झूम असलेली रंगीत जोडी, डोळ्याचं पारणं फिटेल असे फोटो बहुतेक याच कॅमेऱ्याचे. क्युरिऑसिटीकडे झूम नाही, त्याच्या एका डोळ्याला ३४ मिलिमीटरची लेन्स आहे आणि दुसऱ्याला १०० मिलिमीटरची, त्यामुळे त्याचे डावे आणि उजवे फोटो शेजारी ठेवले तर मापातच बसत नाहीत.

यातला माझा सगळ्यात लाडका कॅमेरा मात्र वेगळाच आहे. क्युरिऑसिटीच्या केमकॅमला एक छोटी दुर्बीण आहे, तिचे फोटो गोल येतात, कृष्णधवल, कडेला काळे कोपरे. केमकॅम दगडावर लेझर मारतो, ७ मीटर लांबूनसुद्धा, दगडाचा कणभर भाग पेटतो आणि त्या प्रकाशावरून त्यात काय काय आहे ते कळतं. आता तुम्ही लेझर मारायच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो शोधून काढा आणि मोठे करून बघा. नंतरच्या फोटोत दगडावर ओळीनं बारीक बारीक ठिपके दिसतात, एका सरळ रेषेत, आणि प्रत्येक ठिपक्याभोवतीची धूळ उडून गेलेली असते. कोट्यवधी किलोमीटर लांबच्या दगडावर माणसानं उठवलेली ती खूण अगदी स्पष्ट दिसते. हे मुलांना दाखवलं की वर्ग एकदम गप्प होतो.

आता एक किस्सा सांगते ज्याच्यामुळे मी हे पेज कायमचं धरून ठेवलं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पर्सिव्हिअरन्सनं पहिल्यांदा दगडात ड्रिल करून नमुना घ्यायचा प्रयत्न केला, ६ ऑगस्टला. सगळ्या पायऱ्या ठरल्याप्रमाणे झाल्या, ड्रिल पुरेसं खोल गेलं, नळी आत गेली, सीलसुद्धा झाली. पण नळी रिकामी. पेजवर त्या भोकाचे फोटो होते, मधे काळं गोल भोक आणि चारी बाजूनं भुकटीचा ढीग. जगभरातले लोक ते फोटो उघडून बघत होते की मग दगड गेला कुठं, नळीतून सांडला का, बाजूला पडलाय का. टीमनं शेवटी सांगितलं की तो दगडच इतका ठिसूळ होता की ड्रिल करता करता त्याची भुकटी झाली आणि नळीत धरायला काही राहिलंच नाही.

मग १ सप्टेंबरला त्यांनी रोशेट नावाच्या दुसऱ्या दगडावर ड्रिल केलं. मास्टकॅम-झेडनं नळीच्या तोंडाचा फोटो काढला तर आत दगडाचा गोल तुकडा चक्क दिसतोय! नंतर ड्रिलला हादरे दिले, काठावर अडकलेले कण पडावेत आणि तुकडा खाली बसावा म्हणून, आणि पुढच्या फोटोंमध्ये नळीत नुसता अंधार, काहीच कळेना. परत रिकामी झाली का? दोन तीन दिवस तसेच गेले. शेवटी ४ सप्टेंबरला सूर्य नीट कोनात असताना पुन्हा फोटो काढले तेव्हा दिसलं की तुकडा आहे, फक्त खोल बसलाय. ६ सप्टेंबरला ती नळी बंद झाली, दुसऱ्या ग्रहावरच्या दगडाचा परत आणायचा म्हणून ठेवलेला तो पहिला नमुना. ही सगळी घालमेल तेव्हा या पेजवर उघड दिसत होती. यश आलं की मग फोटो टाकायचे असं केलं असतं तर रिकाम्या नळीचा फोटो लोकांना दिसलाच नसता आणि मग ४ सप्टेंबरच्या त्या एका फोटोचं मोल कुणाला कळलं असतं?

पर्सिव्हिअरन्ससोबत गेलेल्या हेलिकॉप्टरचंही तसंच झालं. इंजेन्युइटी, १.८ किलोचं, फक्त ५ उड्डाणं करून बघू म्हणून नेलेलं, १९ एप्रिल २०२१ ला पहिल्यांदा उडालं आणि एकूण ७२ वेळा उडालं. त्याच्या कॅमेऱ्यांचे फोटो पण याच पेजवर आहेत, वेगळ्या फिल्टरमध्ये. शेवटचं उड्डाण १८ जानेवारी २०२४ चं. त्यानंतरच्या फोटोत वाळूवर पात्याची सावली पडलेली दिसते आणि सावलीत पात्याचं टोक तुटलेलं आहे. तो फोटो मी अजूनही कधी कधी उघडून बघते. ज्यांनी पहिल्यापासून उड्डाणं फॉलो केलीत त्यांना खाली माहिती लिहिलेली नसली तरी एका नजरेत कळतं काय झालं ते.

रंगांबद्दल लिहायलाच पाहिजे कारण यावर खूप गैरसमज आहेत. पेजवरचे फोटो बघून लोक म्हणतात हा रंग खरा नाही, नासा रंग बदलते वगैरे. वस्तुस्थिती अशी की रॉ फोटोचे रंग कुणी सुधारलेलेच नसतात. मंगळाच्या हवेत बारीक धूळ कायम तरंगत असते म्हणून दिवसा आभाळ पिवळट तपकिरी दिसतं आणि जमिनीवर पडणारा उजेडपण तसाच पिवळट असतो. बातमीतल्या फोटोत बऱ्याचदा तो उजेड पृथ्वीसारखा पांढरा धरून रंग बदललेले असतात, कारण भूगर्भवाल्यांना दगड ओळखायला ते सोपं जातं. १९७६ मध्ये वायकिंग १ चा पहिला रंगीत फोटो आला तेव्हा तर तो घाईत निळ्या आभाळाचा करून दाखवला गेला होता, नंतर दुरुस्त केला. आता रोव्हरच्या पाठीवर रंगांच्या ठिपक्यांची एक चकती असते, तिचा फोटो काढून रंग ठरवतात. पर्सिव्हिअरन्सच्या चकतीवर रंगांच्या मधे छाया टाकणारी काडी आहे, डायनासोर आणि माणसं यांची छोटी चित्रं आहेत, शोधून बघा, पेजवर तिचे ढिगानं फोटो आहेत. आणि संध्याकाळचे फोटो आवर्जून बघा. आपल्याकडे मावळताना सूर्याभोवती तांबडं फुटतं, तिथं सूर्याभोवतीचा भाग निळसर होतो, कारण ती बारीक धूळ निळा प्रकाश सरळ पुढे जास्त फेकते. क्युरिऑसिटीनं एप्रिल २०१५ मध्ये काढलेली सूर्यास्ताची मालिका बघाच.

रॉ फोटोंचा अजून एक उपयोग म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या अफवा तपासणं. २०२२ च्या मे महिन्यात क्युरिऑसिटीचा एक फोटो तुफान व्हायरल झाला होता, मंगळावर दरवाजा सापडला म्हणून. डोंगराच्या कड्यात कोरून काढल्यासारखी चौकट, आत अंधार, बघितलं तर खरंच दरवाजाच वाटावा. मला पण शेजारपाजारच्या लोकांनी, नातेवाईकांनी, सगळ्यांनी पाठवला. अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा त्या दिवसाचे बाकीचे फोटो उघडायचे. तोच कडा आजूबाजूच्या खडकासकट बघितला की दिसतं की तिथं सगळीकडे सरळ भेगा आहेत आणि दोन तीन भेगा एकत्र आल्या तिथून एक ढलपा निघालाय, आणि तो दरवाजा उंचीला जेमतेम फूटभर आहे. ज्यांनी मला पाठवला होता त्यांना मी हेच फोटो पाठवले, बहुतेकांना पटलं, आणि एक दोघं तर त्यानंतर स्वतः पेज बघायला लागले.

आता खटकणाऱ्या गोष्टी, त्याही कमी नाहीत.

पहिली म्हणजे फोटोखाली काहीच माहिती नसते. कुठल्या कॅमेऱ्यानं, कुठल्या सोलला, तिथल्या वेळेनुसार किती वाजता, एवढंच. समोरचा डोंगर कुठला, दगडाचं नाव काय, किती लांब आहे, हे तुम्हालाच शोधावं लागतं. सोल म्हणजे मंगळाचा दिवस, २४ तास ३९ मिनिटं आणि वर काही सेकंदांचा, आणि पेज सगळं सोलच्या हिशोबानं लावलेलं आहे, उतरल्यापासून कितवा सोल असं. आपल्या तारखा सुरुवातीला अजिबात जुळत नाहीत. सवय झाली की मग काही वाटत नाही.

दुसरी म्हणजे पर्सिव्हिअरन्सच्या नॅव्हकॅमचे मोठे फोटो तुकड्यांत येतात. तो कॅमेरा २० मेगापिक्सेलचा, पण रोव्हरचा मुख्य कॉम्प्युटर क्युरिऑसिटीच्याच डिझाईनचा असल्यामुळे त्याला एवढा मोठा फोटो एका दमात पेलत नाही, म्हणून पूर्ण फोटो १६ तुकडे करून पाठवतात आणि ते तुकडे पेजवर सुटे सुटे पडलेले असतात. जोडायचे तुम्ही. जोडणारे हौशी लोक जगभर आहेत आणि त्यांचे पॅनोरमा कधी कधी नासाच्या आधी येतात, पण फक्त मोबाईल असलेल्या मुलाला हे जमणं अवघड आहे. क्युरिऑसिटीच्या काही फोटोंवर बारीक जाळी दिसते, तो फोटो रंग भरायच्या आधीचा असतो, त्याला आणखी सॉफ्टवेअर लागतं.

तिसरी म्हणजे हे फोटो बहुतेक दाबून लहान केलेले असतात. मोजमाप करायचं असेल, अभ्यास करायचा असेल तर नासाचं वेगळं पीडीएस भांडार आहे, तिथं मूळ दर्जाचा डेटा काही महिन्यांनी येतो, तोही फुकट, पण ते वापरायला जीव काढतं. आणि चौथी, सगळं इंग्रजीत. फोटोला भाषा लागत नाही हे खरं, पण फिल्टरमधली कॅमेऱ्यांची नावं वाचून आमच्या मुलांना काही बोध होत नाही, मी फळ्यावर लिहून देते.

आणि हो, साधारण २६ महिन्यांनी एकदा मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो, तेव्हा जवळपास दोन आठवडे रोव्हरला नवीन कमांड पाठवत नाहीत आणि पेज ओसाड पडतं. घाबरून जाऊ नका, मोहीम संपलेली नसते.

वर्गातला अनुभव थोडा सविस्तर लिहिते कारण शिक्षक लोक वाचत असतील. क्युरिऑसिटीच्या हातावर भिंगासारखा एक कॅमेरा आहे, त्यानं ठरावीक अंतर चाललं की स्वतःच्या चाकांचे फोटो काढतात. चाकं ॲल्युमिनियमची, ५० सेंटिमीटर व्यासाची, पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड. २०१३ मध्येच टोकदार दगडांनी त्याला भोकं पडायला लागली आणि आताच्या फोटोत तर पत्रा फाटून बाहेर आलेला दिसतो. मी दोन फोटो प्रोजेक्टरवर लावले, एक पहिल्या वर्षाचा आणि एक अलीकडचा, आणि काहीच न सांगता विचारलं काय फरक दिसतो. एक मुलगा लगेच म्हणाला, "मॅडम, याचा टायर तर पार गेला, बदलत का नाहीत?" मग दुसरी म्हणाली की तिथं बदलणार कोण. तिथून पुढे अख्खा तास कसा गेला कळलं नाही. टोकदार दगड टाळून रस्ता निवडायचा, २०१७ मध्ये नवीन सॉफ्टवेअर पाठवून प्रत्येक चाकाचा वेग जमिनीच्या चढउतारानुसार कमी जास्त करायचा, आणि पुढच्या रोव्हरची चाकं आधीपासूनच जाड पत्र्याची करायची, यातल्या अर्ध्या गोष्टी मुलांनी स्वतःच सुचवल्या. त्याच चाकांमध्ये मुद्दाम पाडलेली भोकंसुद्धा आहेत, लांब आणि आखूड, ती मोर्स कोडमध्ये जेपीएल अशी अक्षरं आहेत, गाडी चालली की वाळूवर तेच उमटत जातं आणि त्या खुणांच्या अंतरावरून रोव्हर किती पुढे सरकला ते मोजता येतं. नॅव्हकॅमनं मागे वळून काढलेल्या फोटोत चाकोरीवर त्या खुणा शोधायला सांगितल्या तर मुलं ठिकाण सोडत नाहीत.

आम्ही बुलडाणा जिल्ह्यातले, त्यामुळे विवर हा शब्द इथल्या मुलांना शिकवावा लागत नाही. लोणार सगळ्यांनी बघितलेलं असतं. साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं, काळ्या बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेलं आणि आत खारं पाणी. मंगळाचं कवच मोठ्या प्रमाणावर बेसॉल्टचंच, म्हणून मंगळाच्या विवरांचा अभ्यास करणारे लोक लोणारला येत असतात. जेझेरो ४५ किलोमीटरचं, त्यातही कोणे एके काळी तळं होतं, पश्चिमेकडून नदी आत यायची आणि तिनं गाळ टाकून त्रिभुज प्रदेश केला. हे वाचून पाठ होतं पण पटत नाही. म्हणून मी कोडियाक नावाच्या एका टेकाडाचे फोटो दाखवते. पर्सिव्हिअरन्स जिथं उतरला तिथून साधारण दोन किलोमीटरवर ते उभं आहे, आणि पहिल्या काही आठवड्यांच्या फोटोतच त्याच्या अंगावरचे थर दिसतात. वर आडवे, मधे तिरके, खाली परत आडवे. नदी तळ्यात शिरते तिथं गाळ असाच तिरका घसरत बसतो. यावरचा शास्त्रज्ञांचा पेपर ऑक्टोबर २०२१ मध्ये आला, पण ते तिरके थर पेज बघणाऱ्या कुणालाही त्याच्या कितीतरी महिने आधी दिसलेले होते.

या पेजशिवाय दुसरे पर्यायही आहेत. एमआरओवरचा हायराइज कॅमेरा वरून फोटो काढतो, इतका बारीक की रोव्हर आणि त्याची चाकोरी दिसते, आणि त्यांच्या हायविश साईटवर कुणीही अमुक जागेचा फोटो काढा म्हणून विनंती टाकू शकतं. युरोपच्या मार्स एक्स्प्रेसवर एक साधा छोटा कॅमेरा आहे, २००३ मध्ये लँडर सुटताना बघायला लावलेला, २००७ ला पुन्हा चालू करून त्याचा मंगळाचा वेबकॅम केला, फोटो साधे आहेत पण अख्खा गोळा दिसतो. चीनच्या झुरोंग रोव्हरचे फोटो मोजकेच आणि निवडून दिलेले, त्यामुळे रोज बघण्यासारखं तिथं काही नव्हतं.

आणि आपलं मंगळयान. ५ नोव्हेंबर २०१३ ला श्रीहरिकोटावरून पीएसएलव्हीनं गेलं, २४ सप्टेंबर २०१४ ला पहिल्याच प्रयत्नात कक्षेत, साधारण ४५० कोटीत, सहा महिन्यांसाठी पाठवलेलं आणि चाललं २०२२ पर्यंत. त्याची कक्षा खूप लांबट होती, एका टोकाला जवळजवळ ७७ हजार किलोमीटरपर्यंत, त्यामुळे अहमदाबादला बनवलेल्या त्याच्या रंगीत कॅमेऱ्यात अख्खा मंगळ एका फ्रेममध्ये यायचा, जे जवळून फिरणाऱ्या ऑर्बिटरना जमत नाही. सुरुवातीच्याच दिवसांत काढलेला, उत्तर गोलार्धात धुळीचं वादळ असलेला तो पूर्ण गोल फोटो अजून माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर आहे. पण मंगळयानाचे सगळे फोटो बघायचे तर इस्रोच्या डेटा पोर्टलवर नोंदणी करावी लागते, फाईल शास्त्रज्ञांच्या फॉरमॅटमध्ये असते, आणि पहिल्या वर्षाचा डेटा लोकांसाठी खुला झाला तो सप्टेंबर २०१६ मध्ये. संशोधकाला हे चालतं. आठवीतल्या मुलीला नाही चालत. मला मनापासून वाटतं की पुढची मंगळमोहीम जाईल तेव्हा इस्रोनं पहिल्या दिवसापासून असं एक उघडं पेज ठेवावं, फोटो आला की टाकला, काळा आला तर काळा, हललेला आला तर हललेला, आणि मेन्यू मराठीसकट सगळ्या भाषांत. चांद्रयान-३ उतरताना २३ ऑगस्ट २०२३ ला गावागावात लोक टीव्हीला चिकटून बसले होते, त्यातल्या किती मुलांनी दुसऱ्या दिवशी सकाळी उठून प्रज्ञाननं आज काय बघितलं ते बघितलं असतं! पैसा फार लागत नाही याला, फोटो तर आलेलेच असतात.

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी साडेचार, अर्धा मी माहिती नसल्याबद्दल आणि तुकड्यांबद्दल कापला.

सुरुवात करणाऱ्यांसाठी थोडं. मोबाईलवर पेज उघडतं पण फिल्टर वापरायला लॅपटॉप किंवा शाळेतला कॉम्प्युटर बरा. पर्सिव्हिअरन्सपासून सुरू करा, त्याचे बहुतेक फोटो रंगीत असतात. आधी फक्त पुढचा डावा हॅझकॅम निवडा आणि फेब्रुवारी २०२२ च्या आसपासचे सोल लावा, डाव्या पुढच्या चाकात एक दगड अडकलेला दिसेल, तो वर्षभराहून जास्त काळ त्याच्यासोबत फिरत होता, त्याचा माग काढत पुढे जात राहिलात की सोल, कॅमेरे, फिल्टर सगळं आपोआप हाताला येतं. दुसऱ्या टॅबमध्ये नासाचा रोव्हर कुठं आहे तो नकाशा उघडा ठेवा, म्हणजे फोटो कुठला ते कळतं. शाळेच्या भिंतीवर लावायला प्रिंट काढणार असाल तर खुशाल काढा, शिकवण्यासाठी वापरायला नासा पैसेही मागत नाही आणि परवानगीही, फक्त खाली श्रेय लिहा: नासा/जेपीएल-कॅलटेक, आणि मास्टकॅम-झेडचा फोटो असेल तर त्याच्यापुढे एएसयू.